तारेवरची किंमत

मोटारीचा विमा उतरवताना तिची किंमत वयानुसार किती घटली हे ठरवण्याचे एक कोष्टक आहे. सहा महिन्यांपर्यंतच्या गाडीला ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५०. त्यापुढे कोष्टक संपते. मालकाने आणि कंपनीने आपसात आकडा ठरवायचा. एखाद्या सेडानच्या बाबतीत हे कोष्टक आणि बाजार यांचे फारसे वाकडे येत नाही. फोर-बाय-फोर मात्र या गणिताला जुमानत नाही. पाच वर्षांची डिझेल थार किंवा फॉर्च्युनर नव्याच्या निम्म्या किमतीत मागणाऱ्याला विकणारा चहासुद्धा विचारत नाही. हा टिकलेला भाव पाहून घेणारा असे धरून चालतो, की ज्या वस्तूचा भाव इतका टिकतो ती वस्तूही तितकीच टिकाऊ असणार. माझे म्हणणे असे, की भाव आणि गाडीची प्रकृती यांचा संबंध आता पुष्कळ सैल झाला आहे. भाव अजून चेसिस, अ‍ॅक्सल, ट्रान्सफर केस (इंजिनाची ताकद दोन्ही अ‍ॅक्सलना वाटणारी पेटी) आणि इंजिन यांच्या नावलौकिकावर ठरतो. गाडी रस्त्यात उभी करणारे दुखणे मात्र गेल्या पंधरा-वीस वर्षांत तारा, कपलर, सेन्सर आणि रिले यांच्याकडे सरकले आहे, आणि सौद्यात त्याचा हिशेब कोणी करत नाही.

हा नावलौकिक खोटा नाही, तो कमावलेला आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या मूळ विलीज जीपची सगळी वीजव्यवस्था ६ व्होल्टची होती आणि तीत दिवे, हॉर्न, सेल्फ आणि इग्निशन यांपलीकडे फारसे काही नव्हते. महिंद्राने मुंबईत माझगावला जीप जुळवायला घेतल्या, तेव्हापासून गावोगावच्या मिस्त्रींच्या दोन-तीन पिढ्या या गाडीवर शिकल्या. १९८५ मध्ये आलेली मारुतीची जिप्सी याच कुळातली. ९७० सीसीचे छोटे पेट्रोल इंजिन, पुढे १.३ लिटरचे, आणि गिअरच्या दांड्याशेजारी फोर-व्हीलचा वेगळा छोटा दांडा. तो ओढला की लोखंडाला लोखंड लागते. मध्ये तार नाही, मोटर नाही, कॉम्प्युटर नाही. सैन्याने, पोलिसांनी, वनखात्याने ती वर्षानुवर्षे वापरली. नागरी विक्री थांबल्यावरही नीट राखलेल्या जिप्सीला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही, ते याचमुळे. काय बिघडले ते डोळ्यांना दिसते आणि जे दिसते ते तालुक्याच्या गावी दुरुस्त होते. पुनर्विक्रीच्या किमतीचा मूळ पाया हाच, दुरुस्तीची खात्री. ती खात्री एका पिढीच्या यंत्राने मिळवली आणि आज तिचे व्याज दुसऱ्याच पिढीचे यंत्र खात आहे.

कारण दांडा गेला आणि बटण आले. १९९८ ची टाटा सफारी आणि २००२ नंतरची स्कॉर्पिओ यांच्या फोर-बाय-फोर आवृत्त्यांत ट्रान्सफर केस बदलायचे काम विजेच्या मोटरकडे गेले. नव्या पिढीच्या फॉर्च्युनरमध्ये गोल नॉब आहे, स्कॉर्पिओ-एनमध्येही काम विजेवरच चालते. २०२० च्या थारने दांडा राखला. उतारावर वेग सांभाळणे, घसरणारे चाक ओळखून त्यालाच ब्रेक लावणे ही कामे पूर्वी चालकाच्या पायात होती, ती आता सेन्सर आणि एबीएसच्या मॉड्यूलमध्ये आहेत. यात तक्रार करण्यासारखे काही नाही, गाड्या त्यामुळे सुरक्षित झाल्या. पण घेणाऱ्याच्या मनातली प्रतिमा अजून चिखलातून वर येणाऱ्या जीपची आहे आणि पैसे तो त्या प्रतिमेला मोजतो.

भाव ठरवणाऱ्या बाकीच्या गोष्टी तपासल्या तर त्यांतही गाडीच्या प्रकृतीला जागा नाही. सर्वांत मोठा घटक म्हणजे नव्या गाडीची किंमत. जून २०२३ मध्ये मारुतीची जिम्नी १२.७४ लाख रुपयांच्या सुरुवातीच्या किमतीला बाजारात आली आणि त्याच वर्षी डिसेंबरात कंपनीने तिची एक आवृत्ती १०.७४ लाखांपासून देऊ केली. सहा महिन्यांपूर्वी घेतलेल्या जिम्नीत एक स्क्रूही ढिला झाला नव्हता, तरी तिची पुनर्विक्री किंमत खाली आली. २०२०-२१ मध्ये उलटे घडले होते. नव्या थारसाठी महिनोन्महिने थांबावे लागत होते, म्हणून वापरलेली थार जवळजवळ नव्याच्या किमतीला जात होती. २२ सप्टेंबर २०२५ पासून मोठ्या एसयूव्हींवरचा जीएसटी आणि उपकर मिळून होणारा ५० टक्क्यांचा बोजा ४० टक्क्यांवर आला. म्हणजे नव्या गाडीची किंमत सुमारे साडेसहा टक्क्यांनी उतरली आणि जुनीलाही तिच्यामागून उतरावे लागले. कायद्याचा धक्का असाच. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरची बंदी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये कायम केली, तेव्हा तिथल्या मोठ्या डिझेल गाड्यांचा भाव कोसळला आणि त्या ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन इतर राज्यांत, महाराष्ट्रातही, येऊ लागल्या. २०२५ मध्ये न्यायालयाने त्या बंदीची धार काहीशी बोथट केली असली, तरी ती वाट रुळलेली आहे. इथे आल्यावर गाडीच्या घटलेल्या किमतीवर एकरकमी कर भरावा लागतो. पंधरा वर्षे झालेल्या मोटारीच्या पुनर्नोंदणीला एप्रिल २०२२ पासून ५,००० रुपये लागतात, वीस वर्षांपुढे ऑगस्ट २०२५ पासून १०,०००. या सगळ्या आकड्यांनी भाव हलतो. वायरिंग चांगले आहे म्हणून भाव वीस हजारांनी चढला किंवा कापलेले आहे म्हणून पन्नास हजारांनी पडला, असे मात्र होत नाही.

बाजार बघतो काय, तर आरसीवरचे वर्ष, कितवा मालक, पासिंग कुठले, मीटरवरचे किलोमीटर, रंग, टायर, आणि बॉनेटखालचा रंग मूळ आहे का. याहून बैलबाजार शहाणा म्हणायचा. खिल्लार जातीला भाव आहे हे तिथेही सगळ्यांना ठाऊक असते, पण जात ऐकून कोणी पैसे मोजत नाही. दात बघतात, खूर उचलून बघतात, चालवून बघतात, आणि मगच उपरण्याखाली बोटे धरतात. फोर-बाय-फोरच्या बाजारात आपण जातीला भाव देतो आणि जनावर तसेच घरी आणतो.

आता दुखण्यांकडे. सर्वांत साधे आणि सर्वांत फसवे दुखणे अर्थचे. गाडीत प्रत्येक दिव्याला, मोटरला, सेन्सरला येणारी तार वेगळी असते, पण परतीचा रस्ता बहुतेक सगळ्यांचा एकच, म्हणजे बॉडी आणि चेसिस. चेसिसवर बॉडी बसवलेल्या गाडीत इंजिन, चेसिस आणि बॉडी यांच्यामध्ये रबरी बुश असतात, म्हणून त्यांना जोडणाऱ्या अर्थच्या पट्ट्यांवर सगळा भार पडतो. चिखल, पावसाळा, कोकणातली खारी हवा आणि हौसेने समुद्राच्या पाण्यात घातलेली चाके यांनी त्या पट्ट्यांचे टोक गंजते. मग सेल्फ कधी लागतो, कधी नुसता टक-टक करतो. हेडलाइट लावला की इंडिकेटर मंद होतो. जुन्या गाड्यांत इंजिनची पट्टी तुटली, तर सेल्फचा प्रवाह क्लचच्या किंवा अ‍ॅक्सिलरेटरच्या केबलमधून परतीची वाट शोधतो आणि केबल तापून धरते. मिस्त्री केबल बदलून देतो आणि दुखणे जिथल्या तिथे राहते. नव्या गाड्यांत हेच दुखणे वेगळ्या वेषात येते. विजेचा दाब थोडा खाली गेला की एकेक मॉड्यूल कुरकुरायला लागते आणि मीटरवर दिवाळी होते. एबीएस, एअरबॅग, फोर-व्हील, स्टिअरिंग असे सगळे दिवे एकदम. घाबरलेला मालक मॉड्यूलचा भाव विचारतो, आणि आजार असतो वीतभर पट्टीचा किंवा थकलेल्या बॅटरीचा. उभ्या गाडीच्या निरोगी बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाब हवा, इंजिन सुरू असताना साधारण १३.८ ते १४.५, आणि सेल्फ मारताना तो १० च्या फार खाली जाता कामा नये. तीन आकडे, दोन मिनिटे आणि काही शे रुपयांचा मल्टिमीटर. पण सौद्याच्या वेळी तो बाहेर काढला जात नाही.

दुसरे दुखणे पाण्याचे, आणि फोर-बाय-फोरला ते विशेष लागते कारण ती पाण्यात घालण्यासाठीच घेतलेली असते. थारच्या माहितीपत्रकात ६५० मिलिमीटर पाण्यातून जाण्याची क्षमता दिलेली असते, फोर्ड एंडेव्हरच्या माहितीपत्रकात ८०० मिलिमीटर होती. हे आकडे खरे आहेत, पण ती एका ओलांडणीची क्षमता आहे, दहा पावसाळ्यांची नाही. तापलेला कपलर थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलच्या फटीतून ओल आत ओढली जाते. त्या दिवशी काही होत नाही. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक जसे न सांगता कळकते, तशी तांब्याची पिन आतल्या आत हिरवी होत जाते आणि सहा महिन्यांनी, बहुतेक दुसऱ्या मालकाच्या हातात, बोलू लागते. त्यातही चाकांजवळचे वेगाचे सेन्सर सर्वांत उघड्यावर असतात. अ‍ॅक्सलच्या टोकाला चिखलात बसलेला हा बोटभर सेन्सर गेला, की एबीएस तर जातेच, शिवाय घसरणारे चाक ब्रेकने अडवणारी सगळी यंत्रणा झोपते. म्हणजे ज्या गुणासाठी दोन-चार लाख जास्त मोजले तो गुण एका स्वस्त सेन्सरवर टांगलेला असतो. पुराच्या गाड्यांची गोष्ट याहून गंभीर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडाले, २०२१ च्या जुलैत चिपळूण. अशा प्रत्येक पुरानंतर भिजलेल्या गाड्या लिलावात जातात, धुऊन-पुसून पुन्हा बाजारात येतात, आणि फोर-बाय-फोरच्या तळाशी दिसणाऱ्या चिखलाचा कोणाला संशयही येत नाही. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तर त्यावर पाण्याची रेघ दिसते. सीटच्या रुळांचे स्क्रू आणि गालिच्याखालचे कपलर याहून जास्त सांगतात.

तिसरे दुखणे फोर-व्हीलच्या मोटरचेच. शहरातली बहुतेक फोर-बाय-फोर जन्मभर डांबर सोडत नाही. ट्रान्सफर केसवरची मोटर वर्षानुवर्षे एकाच जागी बसून राहते, तिच्यातला जागा ओळखणारा भाग ओलीने बाद होतो, आणि पहिल्यांदा गरज पडते तेव्हा नॉब फिरवल्यावर दिवा नुसता लुकलुकत राहतो. गंमत अशी, की घेणारा हे डांबरावर तपासूही शकत नाही. ज्या गाड्यांची फोर-व्हील ओढ गरजेपुरतीच लावायची असते, त्या कोरड्या डांबरावर फोर-व्हीलमध्ये वळवल्या तर पुढच्या-मागच्या अ‍ॅक्सलमध्ये ताण साचतो. म्हणून विक्रेता, अगदी प्रामाणिक असला तरी, इथे नको म्हणतो. चाचणी होते टू-व्हीलमध्ये, पैसे जातात फोर-व्हीलचे.

उंदरांबद्दल दोनच वाक्ये. गणपतीच्या वाहनाला दुसऱ्याच्या वाहनात राहायला आवडते, विशेषतः फार न फिरणाऱ्या आणि ऐसपैस इंजिनखोली असलेल्या गाडीत, आणि फार्महाउसवर उभ्या असलेल्या फोर-बाय-फोर यात अग्रेसर आहेत. कुरतडलेल्या तारा टेपने बांधून गाडी विकणे हा आपल्याकडे गुन्हा समजला जात नाही.

यापेक्षा मोठा उंदीर माणूस आहे. फोर-बाय-फोर ही सजवून घ्यायची गाडी आहे. एलईडी पट्ट्या, विंच, जोरदार हॉर्न, कॅमेरे, रूफवरचे दिवे, मोठी म्युझिक सिस्टिम हे सगळे बहुतेक कारखान्याबाहेर बसते. मूळ हेडलाइटचा ६० वॅटचा बल्ब काढून कोणी १०० वॅटचा लावला, तर दोन दिव्यांचा प्रवाह १० अँपियरवरून सोळा-सतरावर जातो. तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती जवळजवळ पावणेतीन पट होते. स्वतंत्र रिले आणि जाड तार दिली तर हे निभते. मूळ स्विचवरच टाकले तर स्विच वितळतो. पूर्ण भारावर विंच ४०० अँपियरच्या आसपास खेचते, आणि अशा तारेला फ्यूज किंवा कटऑफ नसेल तर ती बंपरमागे ठेवलेली ठिणगी आहे. गळतीचे गणितही साधे आहे. बंद गाडीची सुस्थितीतली गळती साधारण ५० मिलिअँपियरच्या आत असते. चुकीच्या जागी जोडलेल्या ट्रॅकरने किंवा अ‍ॅम्प्लिफायरने ती ३०० वर नेली, तर ६० अँपियर-तासांची बॅटरी चार दिवसांत निम्मी होते. मग दर वर्षाला बॅटरी बदलली जाते आणि दोष बॅटरी बनवणाऱ्याच्या माथी. जुन्या जीपमध्ये असे जोडकाम खपून जाई, कारण तारेचे काम फक्त वीज नेण्याचे होते. आजच्या गाडीत पिळलेल्या दोन बारीक तारांवरून सगळी मॉड्यूल एकमेकांशी बोलतात. त्या तारांच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रोध असतात, म्हणून मध्ये मोजले तर ६० ओहम दिसले पाहिजेत. लाइट कुठून घ्यायचा म्हणून चाचपडताना कोणी त्यांतली एक सोलली, तर बिघाड होतो एका जागी आणि बोंब उठते दहा जागी. तरी बाजाराची रीत अशी, की 'सगळे अ‍ॅक्सेसरीज लावलेली' म्हणून अशी गाडी जास्त भावाने जाते. माझ्या हिशेबी ती बिनसजावटीच्या गाडीपेक्षा स्वस्त असायला हवी.

यावर पहिला आक्षेप अनुभवी माणूस घेईल, की विजेचे दुखणे स्वस्त असते. इंजिन बांधायला लाख-दीड लाख जातात, वायर जोडायला शंभर रुपये. यातला पहिला भाग बरोबर आहे. पण विजेच्या दुखण्यात खर्च वस्तूचा नसतो, शोधाचा असतो. झिजलेला क्लच रोज झिजलेलाच असतो. अर्धवट तुटलेली तार मात्र खड्ड्यात तुटते, सपाटीवर जुळते, आणि गॅरेजमध्ये गाडी शहाण्यासारखी वागते. शोध लागत नाही तेव्हा अंदाजाने भाग बदलणे सुरू होते. आधी बॅटरी, मग अल्टरनेटर, मग सेन्सर, शेवटी मॉड्यूल. शंभर रुपयांच्या तारेवर असे पन्नास हजार खर्च होऊ शकतात आणि त्यातला प्रत्येक रुपया पावतीसह असतो. शिवाय हे दुखणे कारखान्यातही क्षुल्लक मानले जात नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये महिंद्राने एक्सयूव्ही ७०० च्या १,०८,३०६ गाड्या तपासणीसाठी परत बोलावल्या, कारण इंजिनखोलीतली वायरिंग घासली जाण्याची शक्यता होती. त्याआधी २०२१ मध्ये थारच्या १,५७७ डिझेल गाड्या कॅमशाफ्टसाठी बोलावल्या होत्या. हे दोन आकडे समोरासमोर ठेवून काही सिद्ध होत नाही, मॉडेलही वेगळी आहेत. पण घासली गेलेली तार ही टेप मारून विसरण्याची बाब नाही, एवढे त्यातून कळते. जुनी गाडी घेणाऱ्याने चेसिस क्रमांकावरून असे काम झाले की नाही हे अधिकृत सेवाकेंद्रात विचारून घ्यावे; ते काम फुकट होते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. विजेच्या गुंतागुंतीमुळे किंमत फसवी होत असेल, तर सर्वांत गुंतागुंतीच्या गाड्यांपैकी एक असलेली फॉर्च्युनर भावात अव्वल कशी? साखर कारखान्याच्या फाटकापासून मंत्रालयाच्या पार्किंगपर्यंत तिला असलेली राजकीय पसंती हे अर्धे उत्तर झाले. उरलेले अर्धे महत्त्वाचे आहे. फॉर्च्युनर आणि इनोव्हा क्रिस्टा यांचे डिझेल इंजिनांचे कुटुंब एक आहे, हाताळणारे हात भरपूर आहेत, सुटे भाग मिळतात. तिचा दोष सापडेल याची खात्री आहे. याउलट फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले, तेव्हा एंडेव्हरच्या यंत्रात रात्रीतून काही बदलले नव्हते आणि सुटे भाग व सेवा चालू राहतील असे कंपनीने सांगितलेही होते. तरी भाव घसरला. म्हणजे दुरुस्तीच्या खात्रीला बाजार किंमत देतो हे खरेच आहे. माझा मुद्दा या उदाहरणाने मोडत नाही, नेमका होतो. बाजार ती किंमत मॉडेलला देतो, समोर उभ्या असलेल्या गाडीला देत नाही. ज्या फॉर्च्युनरची हार्नेस, म्हणजे तारांची जुडी, भोंगा आणि लाल-निळे दिवे बसवताना तीन ठिकाणी कापली आहे, तिलाही फॉर्च्युनरचाच भाव मिळतो.

तिसरा युक्तिवाद मोठ्या दुकानांचा, की आम्ही शेकडो मुद्द्यांची तपासणी करून गाडी देतो. ती तपासणी निरुपयोगी नाही. परंतु बहुतेक मुद्दे 'चालते की नाही' या जातीचे असतात. काच खाली होते, एसी गार होतो, दिवा लागतो. विजेच्या बाबतीत आज चालते याला फारसा अर्थ नाही. स्कॅनर लावून दोषसंकेत शून्य दाखवणेही पुरेसे नाही, कारण संकेत पुसायला अर्धा मिनिट लागतो. पुसल्यावर मात्र गाडीच्या स्वयंचाचण्याही कोऱ्या होतात आणि काही दिवस चालवल्याशिवाय भरत नाहीत. साधारण स्कॅनरवर हे 'अपूर्ण' म्हणून दिसते. सगळे संकेत शून्य आणि सगळ्या चाचण्या अपूर्ण, असे दिसले तर गाडी काल-परवाच पुसलेली आहे. जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांसाठी एप्रिल २०२३ पासून नोंदणीचे नियम आले, तेही मालकी, कागद आणि जबाबदारी यांचे आहेत, गाडीच्या प्रकृतीचे नाहीत.

राहिला शौकिनांचा सल्ला, की मग जुनी, साधी, दांड्याचीच घ्या. फोर्सची जुनी गुरखा, जुनी थार किंवा जिप्सी घेणाऱ्याला तो लागू आहे, आणि आडवाटेला राहणाऱ्याला मी तोच देईन. पण हे सर्वांचे उत्तर नाही. साध्या जुन्या गाडीत एअरबॅग आणि एबीएस नसतात, पंधरा वर्षांनंतरच्या पुनर्नोंदणीचा फेरा असतो, आणि वीस वर्षांची तार साधी असली तरी तिचे आवरण कडक होऊन तडकलेलेच असते. साधेपणामुळे दोष लवकर सापडतो. दोष नसतोच असे नाही.

म्हणून घेणाऱ्याने सौद्याची रीत थोडी बदलावी. गाडी सकाळी, थंड असताना बघायला मागावी. आधीच सुरू करून ठेवलेली गाडी बॅटरीचे काही सांगत नाही. इंजिनाच्या मिस्त्रीबरोबर ऑटो इलेक्ट्रिशियनही न्यावा. व्होल्टचे तीन आकडे, स्कॅनरची छापील प्रत, स्वयंचाचण्यांची स्थिती, गालिच्याखालचे कपलर, बॅटरीच्या टर्मिनलवर मूळ तारांखेरीज किती जास्तीच्या तारा बांधल्या आहेत त्यांची मोजणी, आणि मातीच्या मोकळ्या जागेवर फोर-हाय, फोर-लो आणि परत. इतके तासाभरात होते. फोर-लो लागत नसेल तर ती गाडी टू-व्हीलच्या भावाने मागावी, आणि हार्नेसला मध्येच जोड असतील तर नव्या हार्नेसचा खर्च वजा करून बोली लावावी. विकणाऱ्यानेही जास्तीचे दिवे स्वतःहून उतरवून, मूळ कपलर परत जोडून गाडी दाखवली तर त्याचा भाव पडणार नाही. विम्याकडून मात्र दोघांनीही अपेक्षा ठेवू नये. पॉलिसीत अपघात, आग, चोरी, पूर येतात. 'यांत्रिक किंवा विद्युत बिघाड' हे शब्द वगळलेल्या गोष्टींच्या कलमात, झीज आणि घसारा यांच्या शेजारी छापलेले असतात.